आकडेवारीच्या जागतिक वेब नकाशांसाठी मर्केटर प्रक्षेपण वापरावे का?

रेखावृत्त (धागाकर्ता)
लोकसंख्येची घनता, साक्षरता किंवा जंगलाचे प्रमाण दाखवणारे जागतिक नकाशे वेबवर सर्रास वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या, वेबवर रूढ झालेल्या पद्धतीत) मांडले जातात आणि हे मला अत्यंत गैर वाटते. या प्रक्षेपणात ६०° अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते; आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट मोठा असूनही पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यांनुसार प्रदेशांना रंग भरलेल्या नकाशात, वाचकाची नजर रंगाने व्यापलेल्या जागेवरच ठरते, त्यामुळे आकडे अचूक असले तरी मनावर उमटणारे चित्र चुकीचे असते. अशा नकाशांसाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण जपणारे, प्रक्षेपणच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

टाइलकार
असहमत. वेब मर्केटर रूढ झाले त्यामागे सबळ कारण आहे. गूगल मॅप्सच्या २००५ मधील पहिल्या आवृत्तीत मर्केटर नव्हते, आणि त्यामुळे स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडील शहरांत प्रत्यक्षात काटकोनात मिळणारे रस्ते नकाशावर तिरके दिसत. मर्केटरमध्ये कोन जपले जातात, शिवाय ८५.०५° अक्षांशावर जग कापले की नेमका चौरस मिळतो, आणि झूमच्या प्रत्येक पायरीला त्यातील प्रत्येक टाइलचे (नकाशा ज्या चौरस चित्रांनी जोडलेला असतो त्यांपैकी एकाचे) चार तुकडे करत जाता येते. जगापासून गल्लीपर्यंत सलग जाणाऱ्या नकाशाला याहून सोयीची मांडणी मला तरी माहीत नाही.

रेखावृत्त
गल्लीच्या नकाशाबद्दल आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, पण माझा मुद्दा गल्लीचा नाहीच. देशनिहाय साक्षरता दाखवणाऱ्या नकाशात कोणी घराच्या दारापर्यंत झूम करत नाही. तेथे रस्त्यांच्या टाइल लागतच नाहीत, देशांच्या सीमांचा व्हेक्टर डेटा (सीमारेषांचे निर्देशांक) पुरतो आणि तो डी३सारख्या, आलेख व नकाशे काढणाऱ्या कोडच्या लायब्ररीने ब्राउझरमध्येच हव्या त्या प्रक्षेपणात काढता येतो. २०१८ मध्ये मांडलेले इक्वल अर्थ प्रक्षेपण क्षेत्रफळ जपते आणि खंडांचे आकारही फारसे ताणत नाही. मग सोय म्हणून विपर्यास का पत्करायचा?

उत्तरध्रुव
दिसण्यापुरताच हा प्रश्न नाही. वेब मर्केटरच्या निर्देशांकांवर थेट १००० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर ६०° अक्षांशावर त्याची खरी त्रिज्या जेमतेम ५०० मीटर भरते. प्रदर्शनासाठी कोणतेही प्रक्षेपण घ्या, परंतु अंतर मोजायचे ते पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरच. काही जण त्रिमितीय पृथ्वीगोलाचा पर्याय सुचवतात. मात्र त्यात एका वेळी फार तर अर्धे जग दिसते, त्यामुळे देशादेशांची तुलना करण्यासाठी तो कामाचा नाही.

टाइलकार
अंतराचा मुद्दा बिनतोड आहे. समक्षेत्राच्या आग्रहाबाबत मात्र माझी हरकत कायम आहे, कारण संपादकाला बहुतेक वेळा त्याच नकाशात पुढे जिल्हे, शहरे आणि उपग्रहचित्रेही हवी असतात, आणि तयार टाइल दुसऱ्या प्रक्षेपणात वळवल्या की त्यांवरील अक्षरे वाकडी व धूसर होतात.

रेखावृत्त
तसे असेल तर नकाशे दोन करावेत: जगाचा समक्षेत्र, आणि देशावर क्लिक केल्यावर उघडणारा मर्केटर. काम वाढते हे खरे, पण ते वाचकासाठी वाढते.

टाइलकार
दोन नकाशे सांभाळण्याची संपादकाची तयारी असेल, तर माझी ना नाही. एकच नकाशा परवडत असेल, तर मी आजही मर्केटरच घेईन आणि देशांना रंग भरण्याऐवजी आकड्यांच्या प्रमाणात वर्तुळे काढीन.