दाव, डाव की राज्य?

दांडियाबाजारकरीण:
पकडापकडीत किंवा लपाछपीत ज्याच्यावर बाकीच्यांना धरायची पाळी असते, त्याच्यावर महाराष्ट्रात 'राज्य' येतं. बडोद्यात आमच्यावर ते कधी आलं नाही. आमच्यावर यायचा 'दाव', आणि तो नुसता येऊन भागायचं नाही, तो 'द्यावा' लागायचा. 'आधी दाव दे, मग जेवायला जा' ही गल्लीतली सगळ्यात कडक धमकी. दांडिया बाजारात तेव्हा मराठी घरं पुष्कळ, खेळणाऱ्यांत निम्मीअधिक पोरं घरी मराठीच बोलणारी. तरी 'राज्य' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्याहून आलेल्या मामेबहिणीकडून. तिला म्हटलं, राज्य तुझ्यावर आहे तर तू कशाला धावतेस, आम्हाला हुकूम सोड की!

तर शंका अशी. हा दाव सरळसरळ गुजरातीतला ('कोनो दाव छे?'), की आपल्या 'डावा'चाच सख्खा भाऊ? आणि 'दाव देणे' हा प्रयोग गुजरातबाहेरच्या मराठीत कुणी ऐकलाय का?

उन्हाळ्याचे इतर शब्द आठवत असतील तर तेही टाका. आमची सुट्टी 'लागायची' नाही, 'वेकेशन पडायचं'. आणि पडलं की दुपारभर घरात कोंडवाडा, कारण बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि आईला लू लागायची धास्ती. ओटल्यावर पाय ठेवायची परवानगी मिळायची ती उन्हं उतरल्यावर.

पुण्याची सून, बडोद्याची लेक:
दुपारी घरात काय खेळायचात ते आठवा. पत्ते! आणि पत्त्यांचा 'डाव'च मांडायचात ना? आमच्याकडे तरी एकाच दिवसात एकाच तोंडून दोन्ही यायचं. दुपारी आजीबरोबर बदाम सातचा 'डाव', संध्याकाळी गल्लीत 'दाव'. घरात कुणी 'पत्त्यांचा दाव' म्हटलं असतं तर आजीने हातातले पत्ते खाली ठेवून उच्चार सुधारून घेतला असता. आणि गल्लीत 'डाव दे' म्हटलं असतं तर शेजारच्या पटेलांच्या पोरांनी आठवडाभर चिडवलं असतं. त्यामुळे मला हे एकाच शब्दाचे दोन उच्चार कधी वाटलेच नाहीत. एक घरातला, एक बाहेरचा, दोन वेगळे शब्दच.

सुरसागरकाठ:
राज्य गायकवाडांचं होतं, ते १ मे १९४९ ला मुंबईत विलीन झालं, तेही ऐन वेकेशनमध्ये. त्यानंतर बडोद्याच्या पोरांवर कुठलं राज्य येणार?

गंमत सोडा. डाव हा शब्द मराठीत काही कालचा नाही. 'लपंडाव' फोडून बघा, आत डावच बसलाय. रडीचा डाव, कुस्तीतला डाव, डाव साधणे, डाव उलटणे, क्रिकेटचा पहिला डाव. हिंदीत दाँव, गुजरातीत दाव, मराठीत डाव, ही भावंडं उघड दिसतात. द चा ड करायची खोड आपल्याला आहेच, दंशाचा डास आपणच केला. तेव्हा शब्द उसना नव्हे. उसना असेल तर अर्थ. 'पकडायची पाळी' हा अर्थ मराठी डावाला एरवी नाही. तो गल्लीतून आला.

(वरण वाढायच्या डावाचं काय, हे कुणी विचारण्याआधी सांगतो: त्याचा इथे संबंध नाही. मात्र आमच्या आईने स्वयंपाकघरातून 'डाव दे गं' म्हटलं की धाकटी 'आत्ताच दिला' म्हणून ओरडायची.)

वाडीवाला:
मी घरी गुजराती, शाळेत गुजराती, पण लहानपण सगळं मराठी शेजाऱ्यांच्या ओटल्यावर गेलं. माझं मराठी तिथलंच, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुख्य भानगड 'देणे-घेणे'त आहे. गुजरातीत 'दाव लेवो' म्हणजे आपली पाळी भोगणं, मजेची. मोई-दांडियात, म्हणजे तुमच्या विटी-दांडूत, दांडू ज्याच्या हातात, तो दाव घेतो. 'दाव आपवो' म्हणजे दुसऱ्याला ती मजा मिळावी म्हणून उन्हात मोई आणायला पळत राहणं. आता मराठीत 'राज्य घेणे' म्हणजे काय? कष्ट अंगावर घेणं! क्रियापद एकच, अर्थ बरोबर उलटा.

हे नुसतं व्याकरण नाही, यावरून भांडणं झालीत. समोरच्या घरात सुट्टीत नाशिकचा एक पाहुणा मुलगा यायचा. भला मुलगा होता. कुणी राज्य घ्यायला तयार नसलं की तो मोठेपणाने म्हणायचा, 'चला, मी घेतो.' आम्हाला ऐकू यायचं की हा म्हणतोय, पहिला दाव मीच लेणार, दांडू इकडे आणा. पाहुणा असून एवढा शिरजोर! दोनदा त्याला खेळातून काढला. शेवटी त्याच्या मावशीने गॅलरीतून दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की इथे असेपर्यंत 'मी देतो' म्हणायचं.

दांडियाबाजारकरीण:
वाडीवाले भाऊ, तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे. आणि तुमच्या या 'देण्या'मुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. दाव देणं हे कर्जासारखं होतं. जेवायला हाक आली आणि ज्याच्यावर दाव तो निघाला, तर दाव मिटायचा नाही, 'बाकी' राहायचा. दुसऱ्या दिवशी तो दिसला रे दिसला की, 'कालचा दाव बाकी आहे तुझा.' एक मुलगा तर दाव बाकी ठेवून आजोळी पळाला आणि पंधरवड्याने परत आल्यावर रिक्षातून उतरायच्या आत त्याला घेरला होता. पुण्याच्या बहिणीला विचारलं, राज्य असं बाकी राहतं का? म्हणाली, छे, दुसऱ्या दिवशी नव्याने सुटायचं.

पुण्याची सून, बडोद्याची लेक:
'सुटायचं' हा शब्द किती वर्षांनी वाचला! तळहात वर की खाली, वेगळा पडेल तो सुटला, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. माझ्या मुलांच्या सोसायटीत आता राज्य पण नाही, 'डेन' येतो. 'माझ्यावर डेन आहे.' सासूबाईंना तो काहीतरी आजार वाटला होता.

सुरसागरकाठ:
विटी-दांडूचा विषय निघालाच आहे तर मोजणीकडे वळू. आमच्या बाबाजीपुऱ्यातली मराठी पोरं विटी कधी पावलावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून उडवायची, टोला हाणायची आणि ओरडायची: वकट, लेंड, मूंड, नाल. यांचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता, कुणाला विचारायची गरजही वाटली नाही. पुढे नोकरीत हैदराबादेकडचा एक सहकारी भेटला, त्याने एक ते चार मोजून दाखवले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी खुर्चीतून उठलोच. गुजरातेत बसून मराठी पोरं तेलुगूत मोजत होती.

आमच्यात विटीला मोई म्हणायचं की विटी, खळग्याला गल म्हणायचं की गबी, यावर एकमत नसायचं. मोजणीवर मात्र कुणाचा वाद नाही.

वाचनमात्र:
तंजावरमार्गे आलं असेल का? सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब, चिमणाबाई, तंजावरच्या. त्यांच्याबरोबर नर्तकीही बडोद्याला आल्या होत्या. त्या ताफ्यातल्या पोरांनी आणलं असेल हे वकट-लेंड.

सुरसागरकाठ:
कल्पना मोहक आहे, पण टिकत नाही. पहिलं म्हणजे हेच आकडे पुण्या-साताऱ्याकडची पोरंही म्हणत आलीत, त्यांच्याकडे काही तंजावरची वरात गेली नव्हती. दुसरं, तंजावरची बोली तमिळ, तमिळ एक म्हणजे 'ओन्रु', कानडी 'ओंदु'. 'वकट'ला जुळतो तो तेलुगू 'ओकटि'च. तेव्हा ही मोजणी आपल्या लोकांनी देशावरूनच बांधून आणली, दमाजी-पिलाजी गायकवाडांच्या मागोमाग जी घरं इकडे आली त्यांच्याबरोबर. ती देशावर कशी पोचली, हा वेगळा धागा काढा.

बघा, याच बडोद्यात १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला, कायद्या-कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेले. हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम छापून अखिल भारतीय सामने भरवले. म्हणजे शब्द आणि खेळ, दोन्हींची शिस्तीत व्यवस्था लावणारं गाव. तरी गल्लीतल्या पोरांना विचारायला कुणी आलं नाही, आणि तेच बरं झालं. आले असते तर 'मेला' हा शब्द पहिल्यांदा कापला असता. हुतूतूत आमचा गडी 'बाद' कधी झाला नाही, तो 'मरायचा' आणि पुन्हा 'जिवंत' व्हायचा. दिवेलागणीला अंगणातून 'मी मेलो, मी मेलो' ऐकू आलं की आजी देवासमोरून उठून बाहेर यायची.

वाडीवाला:
वडाच्या खेळाचं कुणीच लिहिलं नाही! वडाच्या गावात राहून? मराठीत सूरपारंब्या, आमच्यात आंबली-पिपळी. गंमत बघा, गुजराती नाव चिंचेचं आणि पिंपळाचं, खेळायचो वडावर. पायाखालून काठी लांब भिरकवायची. दाव असलेला ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीचे झाडावर. मग त्याने एकाला शिवायचं, आणि वरच्यांनी पारंबीला लोंबकळून सटकन खाली येऊन काठी गाठायची. पारंबीची टोकं कोवळी, पिवळसर, पकडली की हातात तुटून येतात. वरचा जाड भागच धरायचा, आणि तो तळहात सोलतो. संध्याकाळी जेवताना भाजीचं तिखट त्या सोललेल्या हाताला झोंबलं की घरच्यांना न सांगता कळायचं, आज कुठे होता.

पुण्याची सून, बडोद्याची लेक:
भोवऱ्याची मात्र दोन्हीकडे सोय. तुमचा भमरडा, आमचा भोवरा, पण गुंडाळायची 'जाळ' किंवा 'जाळी' आणि खालची लोखंडी 'आर' दोघांचीही. दुकानदाराशी भांडायला एकच भाषा पुरायची.

'थप्पो' आणि 'धप्पा' यात मात्र घोळ. गुजरातीत थप्पो हे अख्ख्या लपाछपीचं नाव. मराठीत धप्पा म्हणजे लपलेल्याने मागून येऊन पाठीत घातलेला तो एकच रट्टा. 'चल, थप्पो रमू' म्हटलं की माझा पुण्याचा भाऊ आधी पाठ भिंतीला लावायचा.

छत्रीबाग, इंदूर:
उशिरा आलो. 'देणे' गुजरातबाहेर आहे का, असं ताईंनी विचारलंय. आहे. आमच्या इंदुरात 'दाम' द्यायचा. 'चल, दाम दे', 'दाम देऊन जा' हे मराठी घरातल्या पोरांच्या तोंडी सर्रास. हा दाम पैशातला नव्हे, हिंदी दाँवचाच असावा. शेवटच्या अनुनासिकाचा म झाला असेल, गाँव आणि गाम यांच्यात आहे तशी अदलाबदल. लगोरीला आम्ही सितोलिया म्हणायचो, बडोद्याचं सतोडियुं त्याच्याच जवळचं दिसतं.

आणि दाम देणाऱ्याला मुद्दाम दमवायचं, तोंडाला फेस येईस्तो पळवायचं, याला आमचं क्रियापद 'पदवणे'. हिंदी 'पदाना'वरून. 'काल त्याला पार रामबागेपर्यंत पदवला.' सभ्य मराठीत आईसमोर म्हणायची सोय नव्हती, कारण तिला त्यात भलताच वास यायचा.

दांडियाबाजारकरीण:
इंदूरकर, तुमच्या आईची शंका रास्त होती. आमच्याकडे त्याला 'दाव काढून घेणे' म्हणायचे. 'आज त्याच्याकडून चांगला दाव काढून घेतला.' वसुलीच ती! म्हणजे बाकी, देणं, काढून घेणं, सगळं सावकाराच्या वहीतलं. वाडीवाले भाऊ, गुजरातीत या 'काढून घेण्या'ला काय म्हणायचात?

वाडीवाला:
'दाव वसूल कर्यो.' तुम्ही सावकार म्हणालात ते उगीच नाही, ताई. आमच्या गल्लीत हिशेब ठेवणारा मुलगा होता, शाळेच्या जुन्या चोपडीत नावं आणि पुढे बाकी दावांच्या रेघा. वेकेशन संपायच्या आदल्या संध्याकाळी सगळी बाकी चुकती करावी लागायची. ज्याच्या नावापुढे जास्त रेघा, तो त्या दिवशी हमखास आजारी पडायचा.