मदत हवी आहे: चिऱ्याच्या भिंतीचा कोपरा ओळंब्यात नाही, पाऊस तोंडावर

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आम्ही घर बांधतोय. 'बांधतोय' म्हणजे खरोखरच आम्ही: बाबा, आई, धाकटा भाऊ आणि मी. गवंडी जोतं पूर्ण करून दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच. बाबा एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत, "यंत्र खोलून जोडता येतं तर भिंत का नाही येणार" म्हणाले. जानेवारीपासून लागलोय.

जांभ्या दगडाचा चिरा आहे, १४ बाय ९ बाय ७ इंची, एकेक २५-३० किलोचा. भिंत ९ इंचाची. जोतं सिमेंटमध्ये, वरची भिंत मातीत. लाल माती दोन दिवस भिजत घालून तुडवायची हे खातं आईकडे. गिलावा करणार नाही, बाहेरून फक्त सिमेंटने सांध्यांत दर्जा भरणार. वर जुन्या घराची मंगलोरी कौलं.

सांधमोड (खालच्या थराच्या सांध्यावर वरचा सांधा न येणं) नीट आहे, लेव्हल पाईपने थरही सपाट आलेत. गडबड नैऋत्येच्या कोपऱ्यात. ११ थर झालेत. परवा मी सहज ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडला. वरच्या थरापाशी दोरी भिंतीपासून १ इंचावर धरली, तर खाली जोत्यापाशी सव्वादोन इंच भरली. पाचव्या थरापर्यंत अंतर तेवढंच राहतं, तिथून वर कमी होत जातं. म्हणजे वरचे सहा थर बाहेर झुकलेत.

आता खरी अडचण. तो कोपरा बाबांनी एकट्याने उचललाय, आणि पाहुणे आले की त्यांना आधी तोच दाखवतात. भाऊ म्हणतो राहू दे, सव्वा इंचाने काय होतंय. एप्रिल संपत आलाय, जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत छप्पर चढायला हवं. उतरवावा की नाही?

खाणकरी: झोक आत असता तर मीही सोडून द्या म्हटलं असतं. बाहेर आहे म्हणून उतरवा. उतरत्या छपराचे वासे भिंतीला बाहेरच रेटतात, त्यात झुकलेला कोपरा आणि मातीची जोडणी. दुसरं, थर लावताना दोरी कोपऱ्यावरून ताणता ना? मग शेजारची भिंतही त्याच्यामागे गेली असणार. दर दोन फुटांवर ओळंबा लावत जा, झोक अर्ध्या इंचाच्या आत आला की थांबा. तिथून पायऱ्या सोडत उतरवा, म्हणजे नवं काम जुन्यात गुंतेल. सिमेंट असतं तर निम्मे चिरे फुटले असते. मातीत बांधलंय हे नशीब, पहारीने हलकं उचकटलं की सुटतात. चौघांचं दोन-तीन दिवसांचं काम.

पडवीतली: छप्पर वेळेत नाही झालं तर घाईने चढवू नका. भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री, आणि पाऊस ज्या बाजूने झोडपतो तिथे झावळ्यांच्या झापांचं कुडण बांधा. आमची अर्धी भिंत तशी एक पावसाळा उभी होती. मात्र दर्जा आधी भरा, नाहीतर सांध्यातली माती धुऊन जाते. आणि बाबांना तुम्ही काही सांगू नका. ओळंबा त्यांच्या हातात द्या, एवढंच.

मूळ लेखिका: दोघांचेही आभार. शेजारच्या भिंतीत झोक कोपऱ्यापासून साडेसहा फुटांपर्यंत गेलाय, मोजून आले. ओळंबा हातात द्यायची वेळच आली नाही. मला दोरी घेऊन फिरताना बाबांनी बघितलं, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाचव्यानंतर मी बिगरचष्म्याचा बांधत होतो." उद्या सकाळी उतरवायला घेतोय. एक शेवटचं: सुटलेल्या चिऱ्यांना माती चिकटलेली राहते, ती खरवडावी लागते की नुसतं भिजवून पुन्हा लावले तर चालतात?

खाणकरी: सुटी झालेली तेवढी थापीने खरवडा, मग पाणी मारून लावा. कोरडा चिरा मातीतलं पाणी ओढून घेतो. आणि चष्मा दोरीने गळ्यात बांधा त्यांच्या.