साडेपाच महिने, कर्णांत ११ मिमी फरक: हेल्मेट लावायचं की थांबायचं?

रेवती_आर

बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, पूर्ण दिवसांचं. डोकं मागून उजवीकडे चपटं आहे. झोपेच्या स्थितीमुळे आलेला चपटेपणा आहे, असं बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलंय. स्कॅनमध्ये लांबी १४२ मिमी, रुंदी १२२ मिमी, तिरके कर्ण (कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंतची मापं) १४१ आणि १३० मिमी, घेर ४१.६ सेमी.

या आकड्यांवर डोक्याचा आकार सुधारायचं हेल्मेट लावावं का, की वाट पाहिली तर चालेल? आणि लावायचं ठरलं तर सुरुवातीला काय काय बिघडतं, ते कसं ओळखायचं? नुसतं "होईल आपोआप" किंवा "लगेच लावून टाका" नको, कारणासकट सांगा.

मान_आणि_पाठ

हेल्मेटच्या आधी मान बघा. उजवीकडे चपटं म्हणजे बाळ झोपेत सतत उजवीकडे तोंड करून पडतंय, आणि त्यामागे बऱ्याचदा मानेचा एक स्नायू आखडलेला असतो (टॉर्टिकोलिस). इथे एक गोष्ट उलटी वाटते: कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा हा स्नायू डावीकडचा आखडला तर डोकं डावीकडे कलतं, पण तोंड उजवीकडे वळतं. म्हणजे चपटेपणा उजवीकडे असला तरी ताण डाव्या बाजूच्या स्नायूला द्यावा लागतो. घरी स्वतःच ताण द्यायला गेल्यावर लोक बाजू चुकतात ती इथेच.

तपासायला सोपं आहे. बाळाला उताणं ठेवा, एका हाताने खांदे गादीला टेकलेले ठेवा आणि खुळखुळा हळूहळू एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत न्या. हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत सारखी पोचली पाहिजे. डावीकडे कमी वळत असेल किंवा खांदाच उचलला जात असेल, तर फिजिओथेरपिस्ट गाठा. ताण कसा द्यायचा ते त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून शिका, व्हिडिओ बघून नको.

बाकी, जागेपणी जेवढा वेळ डोक्याच्या मागच्या भागावर भार नाही तेवढा चांगला. पोटावर ठेवणं दिवसभरात तुकड्यातुकड्याने तासभर तरी व्हावं. दूध पाजताना हात बदला. पाळण्यात बाळाची दिशा अशी ठेवा की दार आणि तुमचा आवाज त्याच्या डावीकडे येईल. कार सीट फक्त गाडीत. तिच्यात झोपलेल्या बाळाला घरात तसंच ठेवलं की पुन्हा त्याच जागी दाब येतो.

एक खरं सांगायला हवं. रात्री झोपेत डोकं फिरवून ठेवण्याचा उपाय पहिल्या तीन-चार महिन्यांत चालतो. साडेपाच महिन्यांचं बाळ स्वतःच मान वळवून आवडत्या बाजूला जातं, त्यामुळे आता त्यातून फार मिळणार नाही.

झोपवायचं मात्र पाठीवरच. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली, त्यानंतर झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि चपटी डोकी वाढली. तरी ही अदलाबदल उलटी फिरवायची नाही. मध्ये खळगा असलेल्या "डोकं गोल करणाऱ्या" उशाही नकोत. त्यांनी श्वास कोंडण्याचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला आहे.

कर्णमापक

आकड्यांचं बघू. कर्णांतला फरक ११ मिमी. त्याला मोठ्या कर्णाने भागलं तर ११ ÷ १४१ = ७.८ टक्के. काही ठिकाणी लहान कर्णाने भागतात, मग ८.५ येतं. रिपोर्टमध्ये कोणतं सूत्र आहे ते विचारा, नाहीतर दोन ठिकाणचे रिपोर्ट समोर ठेवले की बाळाचं डोकं बिघडलं असं उगीच वाटतं.

बरेच ऑर्थोटिस्ट (असं हेल्मेट बनवून बसवणारे तज्ज्ञ) वापरतात ती श्रेणी अशी: ३.५ पर्यंत सामान्य, ६.२५ पर्यंत सौम्य, ८.७५ पर्यंत मध्यम, ११ पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. तुमचा आकडा कुठल्याही सूत्राने मध्यममध्येच येतो, मात्र वरच्या टोकाला. रुंदी भागिले लांबी ८६ टक्के, म्हणजे डोकं जरासं रुंद आहे. ९० च्या वर असतं तर मागचा सगळाच भाग चपटा आहे असं म्हणावं लागलं असतं. तुमचा प्रश्न तिरकेपणाचा आहे.

घरी सुताने किंवा पट्टीने कर्ण मोजू नका. दोन मिलिमीटरची चूक सहज होते, आणि इथे दोन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दीड टक्का. त्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी वरून फोटो काढा: केस ओले करून चापून बसवलेले, बाळ मांडीवर बसलेलं, नाकाचं टोक आणि दोन्ही कान एकाच चौकटीत, फोन टाळूच्या बरोबर वर.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट कळते. झोपेमुळे चपटं झालेलं डोकं वरून समांतरभुज चौकोनासारखं दिसतं: चपट्या बाजूचा कान पुढे आणि त्याच बाजूचं कपाळही पुढे. कवटीच्या हाडांमधली मागची शिवण (सांधा) वेळेआधी जुळली असेल तर आकार समलंब चौकोनाकडे जातो, त्या बाजूचा कान मागे आणि खाली ओढला जातो, कानामागे टेंगूळ येतं, शिवणीवर कंगोरा हाताला लागतो. असं काही दिसलं तर आधी न्यूरोसर्जन. जुळलेल्या शिवणीवर नुसतं हेल्मेट चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर लावतात ते प्रकरण वेगळं.

थांबा_आणि_बघा

थांबण्याची बाजूही पूर्ण मांडतो. नेदरलँड्समधल्या २०१४ च्या चाचणीत पाच-सहा महिन्यांची ८४ बाळं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली होती. निम्म्यांना हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर डोकं पूर्ण सुधारलेली बाळं दोन्ही गटांत सुमारे एक चतुर्थांशच निघाली. कातडीचा त्रास, घाम, वास यांच्या तक्रारी हेल्मेटवाल्या गटात होत्याच.

चपटेपणा मेंदूवर दाब देत नाही. हेल्मेट लावल्याने बाळ लवकर बसेल किंवा बोलेल असं कुणी सांगत असेल तर ते मानू नका. विकास मागे वाटत असेल तर त्याची तपासणी वेगळी करून घ्या.

ऑर्थो_साचा

वरची चाचणी महत्त्वाचीच आहे, पण तिच्यात कोण नव्हतं तेही बघा. मान आखडलेली बाळं नव्हती, फार तीव्र चपटेपणाची नव्हती. आणि हेल्मेट डोक्यावर सरकतं, फिरतं अशी बऱ्याच पालकांची तक्रार होती. फिरणारं हेल्मेट म्हणजे उपचार न झाल्यातच जमा. म्हणून मध्यम फरकाला "लावलंच पाहिजे" असं मी म्हणणार नाही, पण लावायचं तर नीट बसणारंच लावायचं, नाहीतर नकोच.

हेल्मेट डोकं दाबत नाही, हे नीट समजून घ्या. स्कॅनवरून डोक्याचं डिजिटल प्रतिरूप होतं, त्यात चपटी जागा भरून आकार सारखा केला जातो आणि त्यावर कवच बनतं. बाहेर तीन-चार मिमी जाड कडक प्लास्टिक, आत फोम. जिथे डोकं पुढे आलंय तिथे फोम टेकतो, जिथे चपटं आहे तिथे पोकळी राहते. वाढ त्या पोकळीत जाते. म्हणजे इंधन एकच, बाळाची वाढ. तीन ते सहा महिन्यांत घेर महिन्याला साधारण एक सेमी वाढतो, सहा महिन्यांनंतर अर्धा. चौथ्या-पाचव्या महिन्यात लावलेलं हेल्मेट जे तीन महिन्यांत करतं त्याला नवव्या महिन्यात बराच जास्त वेळ लागतो, आणि वर्षानंतर फार काही हाती लागत नाही.

स्कॅन ते हेल्मेट मिळणं यात दोन आठवड्यांहून जास्त गेले तर पुन्हा स्कॅन मागा. मधल्या काळात वाढलेल्या डोक्याला जुनं माप पहिल्याच दिवशी घट्ट बसतं.

सवय हळूहळू लावायची. पहिल्या दिवशी एक तास घालून एक तास मोकळं, दुसऱ्या दिवशी दोन तास घालून एक तास मोकळं, तिसऱ्या दिवशी चार तास, चौथ्या दिवशी आठ, आणि मग दिवसाचे २३ तास. उरलेला तास अंघोळीला आणि कातडी बघायला. तुमच्या ऑर्थोटिस्टचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल, तेच पाळा.

काढलं की दर वेळी उजेडात डोकं बघा. जिथे फोम टेकतो तिथे गुलाबी होणारच, ते तासाभरात गेलं पाहिजे. तासानंतरही लाल असेल, फोड असेल, कातडी सोलली असेल तर हेल्मेट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. घरी फोम कापू नका. एक मिलिमीटर चुकीच्या जागी निघाला की टेकण्याची जागाच हरवते.

सगळ्यांत जास्त चूक पट्ट्याची होते. हेल्मेट हलतंय म्हणून पालक पट्टा ओढत जातात, त्याने पोकळी मिटते आणि कानावर लाली येते. पहिल्या फिटिंगला पट्टा जिथे येतो तिथे पेनने खूण करून घ्या आणि त्याच खुणेवर लावा. खुणेवर लावूनही हेल्मेट फिरत असेल, कडा भुवयांवर उतरत असेल किंवा कानासाठी कापलेल्या जागेच्या कडेला कान घासत असेल, तर दुरुस्ती आतल्या फोमची लागते, पट्ट्याची नाही.

पहिला आठवडाभर घाम खूप येतो, मग कमी होतो. अंगावर एक थर कमी घाला. आत टोपी, पावडर, तेल, क्रीम काहीही नको, त्यानेच पुरळ उठतं. रोज डोकं धुऊन पूर्ण कोरडं करा. आतला फोम ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वास पूर्ण उडेपर्यंत उघडा ठेवा. ओलं हेल्मेट घातलं की कातडी भाजल्यासारखी होते. ताप आला की काढा, उतरला की परत घाला. तीन-चार दिवस काढून ठेवावं लागलं तर आधी फिटिंग तपासून घ्या.

रेवती_आर

डावीकडे मान खरंच कमी वळतेय, आत्ताच खुळखुळ्याने पाहिलं. आधी महिनाभर फिजिओ केली तर हेल्मेटला उशीर होईल का?

ऑर्थो_साचा

चार आठवडे परवडतात, आठ नाहीत. फिजिओ आजपासून सुरू करा आणि चार आठवड्यांनंतरच्या स्कॅनची वेळ आत्ताच घेऊन ठेवा. त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. तेव्हा फरक ८ मिमीच्या आसपास आला असेल तर फिजिओच चालू ठेवून पुन्हा महिन्याने बघा. ११ वरच अडकला असेल, किंवा ९-१० असूनही तुम्हाला स्वस्थ वाटत नसेल, तर साडेसहाव्या महिन्यात हेल्मेट घ्यायला अजून वेळ असतो.

मान_आणि_पाठ

आणि हेल्मेट आलं तरी मानेचे व्यायाम थांबवू नका. आकार सुधारून मान तशीच राहिली तर हेल्मेट उतरल्यावर बाळ पुन्हा त्याच बाजूला वळून पडतं. पुढच्या स्कॅनला जाताना मान दोन्ही बाजूंना किती वळते तेही लिहून न्या.