अनुभव धागा: हिपॅटायटिस सीचे उपचार आणि घसरलेलं हिमोग्लोबिन

दादाला हिपॅटायटिस सी आहे. लिव्हर सिऱ्होसिसपर्यंत (कडक होऊन व्रण पडण्यापर्यंत) पोचलंय, पोटात पाणीही झालं होतं. सोफोस्बुव्हिर-वेल्पाटास्विर या विषाणूवरच्या गोळीच्या जोडीला रिबाव्हिरिन हे दुसरं औषध सुरू झालंय, एकूण १२ आठवडे. डॉक्टर म्हणाले, "हिमोग्लोबिन उतरेल, घाबरू नका." तेव्हापासून घरात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे यांचा मारा सुरू आहे. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी लिहा. डॉक्टरांची नावं नकोत, जडीबुटी नको. दिवस कसा काढलात, तेवढं हवंय.

गवती चहा
मी इंटरफेरॉनच्या (तेव्हाच्या इंजेक्शनच्या) जमान्यातला, २०११ चा. जिनोटाइप ३, म्हणजे विषाणूचा आपल्याकडे सर्वात जास्त आढळणारा प्रकार. दर आठवड्याला पोटात एक इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिन, असे २४ आठवडे. सुरुवातीला हिमोग्लोबिन १४ होतं, महिन्याभरात साडेनऊवर आलं. बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी धाप लागायची. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. साहेबांना वाटायचं, हा नाटकं करतोय.

बीट-खजुराचं सांगतो. आमच्याही घरी तेच चाललं होतं. शेवटी डॉक्टरांनी बायकोला समजावलं: रिबाव्हिरिन रक्ताच्या लाल पेशीत शिरतं आणि तिथेच साठून राहतं, म्हणून पेशी मुदतीआधीच फुटतात. लोह कमी पडलेलं नसतं, फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं. वरून इंटरफेरॉन हाडांतल्या मज्जेला नव्या पेशी करू देत नाही. तेव्हा खजूर खा, पण चवीसाठी. डोस कमी केल्यावर साडेदहापर्यंत आलं. कोर्स संपल्यावर महिन्या-दीड महिन्यात पूर्ववत.

मध्येच डोळे पिवळे दिसायला लागले आणि घरात रडारड. कावीळ उलटली म्हणे! पेशी फुटल्या की बिलिरुबिन (ज्याने डोळे पिवळे होतात ते) वाढतंच, लिव्हरचे एन्झाइम उलट उतरत होते. तरी डोळे पिवळे दिसले तर स्वतःच निदान करू नका, रिपोर्ट दाखवा.

स्लाइड क्रमांक
लॅबमध्ये काम करते. रिबाव्हिरिनवाल्यांची सीबीसी (हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायची रक्ततपासणी) साधारण दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात, मग दर महिन्याला होते. मोठी घसरण बहुतेक त्या पहिल्या महिन्यातच दिसते. एकाच लॅबमधून करा. इथे ९.८ आणि तिथे १०.३ आलं की लोक उगाच झोप उडवून घेतात.

पायवाट
बीटाला एवढं हसू नका. मी रोज रस प्यायचो, दोन आठवड्यांत एक ग्रॅम वाढलं.

गवती चहा
त्याच काळात डोस कमी केला होता का?

पायवाट
हो, केला होता. बरं, रस मात्र छान लागायचा.

आईच
माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार, सतत रक्त चढवावं लागतं. २००१ पूर्वी रक्तपेढ्यांना सीची तपासणी सक्तीची नव्हती. लहानपणीच्या कुठल्यातरी बाटलीतून आला, कुठल्या ते कधीच कळणार नाही. तो शोध मी सोडून दिलाय.

इंटरफेरॉन-रिबाव्हिरिन चालू असताना रक्त चढवायचं अंतर भराभर कमी होत गेलं. दर वेळी रक्तदाते शोधा, क्रॉसमॅचला (रक्त जुळतंय का ते बघायला) थांबा, वर लोह काढायची औषधं. त्यात शेजारच्या काकू प्रेमाने लोहाच्या गोळ्या घेऊन आल्या. ज्याच्या अंगात लोह आधीच मावत नाही त्याला! गोड बोलून परत पाठवल्या.

तो कोर्स लागू पडला नाही. पुढे नवी औषधं आली तेव्हा रिबाव्हिरिनशिवाय १२ आठवडे सोफोस्बुव्हिर-डॅक्लाटास्विर घेतलं. रक्ताचं वेळापत्रक जराही हललं नाही आणि विषाणू गेला. आनंद झालाच, पण ते आधीचं वर्ष आठवून रागही आला. तो कुणावर काढायचा, कळेना.

साखरझोप
मधुमेहींसाठी. रिबाव्हिरिन चालू असताना माझं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) एकदम सुंदर आलं, घरात पेढे वाटायचेच बाकी. ग्लुकोमीटर मात्र रोज २००च्या वर. पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही, म्हणून हा रिपोर्ट खोटा कमी येतो. त्या काळात बोट टोचूनच साखर बघा.

मोगरा
माझी पाळी जास्त जायची, त्यामुळे माझ्यात खरंच लोह कमी होतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं आणि मगच गोळ्या दिल्या. म्हणजे लोह कुणालाच नको असंही नाही.

आणखी एक, जे घरात कुणी बोलत नाही. रिबाव्हिरिन पोटातल्या बाळाला घातक आहे. कोर्समध्ये आणि संपल्यावर नऊ महिने दिवस राहता कामा नयेत, औषध नवऱ्याला चालू असलं तरीही संपल्यावर सहा महिने. सासूबाईंना हे सांगायला नवऱ्याला पुढे केलं.

धागाकर्ती
किती खाली गेलं की औषध थांबवतात?

स्लाइड क्रमांक
साधारण १० च्या खाली डोस कमी, ८.५ च्या खाली बंद, असा रूढ हिशेब. हृदयविकार असेल तर याहून आधीच पावलं उचलतात. काहींना एरिथ्रोपोएटिनची (लाल पेशी वाढवणारी) इंजेक्शनं देतात. सिऱ्होसिसमध्ये बऱ्याचदा सुरुवातच कमी डोसने करतात. पण गोळी घरच्या घरी कमी करू नका, फोन करा. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले, बसल्या जागी धाप लागली, तर पुढच्या सीबीसीची वाट बघायची नाही.

आईच
सिऱ्होसिस आहे म्हणून सांगते, प्रत्येक घसरण रिबाव्हिरिनच्या माथी मारू नका. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर आत रक्तस्राव असू शकतो. तडक इमर्जन्सी.

धागाकर्ती
हे कुणीच सांगितलं नव्हतं. वहिनीला आत्ताच फोन करून सांगितलं. सीबीसी सोमवारी आहे. पण दादा दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आणि भाजी आपणच आणणार हा हट्ट.

गवती चहा
आणू दे, हट्ट चांगला आहे. फक्त पिशवी दुसऱ्याने उचलायची आणि जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवायची. आमच्या सोसायटीत आधी कुरकुर झाली, पत्रही आलं. आता पत्र लिहिणारे आजोबाच तिथे बसून पेपर वाचतात.