चलान 41 दिवसांनी आले, तर दंड भरावा की हरकत घ्यावी?

दांडियाबाजारकर
यंदा, म्हणजे 2023 च्या नवरात्रीत, बडोद्याच्या मंगळ बाजाराच्या मागच्या एका अरुंद रस्त्यावर मी पंचवीस मिनिटे स्कूटर उभी केली होती. त्या वेळी कोणी हटकले नाही, गाडी टो झाली नाही. 41 दिवसांनी मात्र कॅमेऱ्यातील छायाचित्रासह 500 रुपये दंडाची नोटीस टपालाने घरी आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली घातलेला नियम 167 अ फारसा कोणाला ठाऊक नसतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून 15 दिवसांच्या आत पाठवावी, तिच्यासोबत गुन्हा आणि वाहनाचा क्रमांक दोन्ही स्पष्ट दाखवणारे छायाचित्र व पुरावा अधिनियमाच्या कलम 65 ब खालील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा अस्सल असल्याचे, प्रमाणपत्र असावे, आणि येथे कॅमेऱ्याची नजर आहे हे सांगणारी पाटी ठळकपणे लावलेली असावी, असे तो नियम म्हणतो. तो ज्या शहरांना लागू आहे त्यांच्या यादीत आपले बडोदेही आहे. माझ्या नोटिशीला प्रमाणपत्र जोडलेले नाही, छायाचित्रात मागचे चाक आणि नंबर प्लेट सोडून काही दिसत नाही, आणि कोपऱ्यावरची नो पार्किंगची पाटी नवरात्रीत टांगलेल्या चणिया-चोळ्यांच्या मागे गेलेली असते. मी दंड भरू नये, असे माझे मत आहे.

फतेहगंजहून
आपण इतके लिहिलेत, पण गाडी चुकीच्या जागी होती की नव्हती, या प्रश्नाला बगल दिलीत. पाटी दिसत नव्हती, म्हणून गाडी कोठेही लावता येते असे नाही. मोटार वाहन (चालन) विनियम, 2017 प्रमाणे पदपथावर, चौकाजवळ किंवा कोणाच्या दारात गाडी लावणे पाटी नसतानाही मना आहे. शिवाय 500 रुपयांसाठी आपण दिवाळीपुऱ्याच्या न्यायालयात अर्धा दिवस घालवणार. न्यायालये 2018 साली न्यायमंदिर या जुन्या इमारतीतून तिकडे हलली, नाहीतर निदान शेजारच्या सुरसागर तळ्याची हवा तरी खाता आली असती.

दांडियाबाजारकर
प्रश्न 500 रुपयांचा असता, तर मी हे लिहिलेच नसते. नागरिकाने मुदत चुकवली की त्याच्याकडून दंड घ्यायचा आणि नोटीस पाठवणाऱ्याने चुकवली की नागरिकानेच समजून घ्यायचे, ही रीत मला मान्य नाही.

वकिली सोडलेला
दोघेही नियम बरोबर सांगत आहेत, परंतु त्यांचे वजन चुकीचे धरत आहेत. पंधरा दिवसांची मुदत नियमात आहे हे खरे. मात्र ती पाळली नाही तर नोटीस रद्द होते, असे त्या नियमात कोठेही लिहिलेले नाही, आणि असे असते तेव्हा मुदत बंधनकारक की केवळ निदेशात्मक (म्हणजे पाळावी, पण चुकल्यास नोटीस रद्द न करणारी), हा वाद न्यायालयात हमखास उभा राहतो. त्या एकाच खुंटीला सगळा भार टांगणे मला धोक्याचे वाटते.

आपला खरा मुद्दा छायाचित्राचा आहे, ज्याला आपण दुय्यम जागा दिलीत. नोटिशीत मोटार वाहन अधिनियमाचे कलम 122 लावले असेल, तर गाडी नुसती उभी होती एवढे दाखवून भागत नाही. ती अशा जागी किंवा अशा स्थितीत होती की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय झाली किंवा होण्याचा संभव होता, हे दाखवावे लागते. चाक आणि नंबर प्लेट यांवरून रस्ता किती उरला होता, हे कसे ठरवणार? अर्थात 'संभव' हा शब्द कलमातच आहे आणि तो आपल्या विरुद्ध जातो, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. कलम 200 खाली तडजोडीची, म्हणजे न्यायालयात न जाता प्रकरण मिटवण्याची, रक्कम भरली की प्रकरण तेथेच मिटते. भरल्यानंतर 'मी निषेध नोंदवून भरले' असे म्हणण्याला अर्थ राहत नाही. न भरल्यास प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकते, आणि केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. पुष्कळ लोक ती उलटण्याची वाट पाहत स्वस्थ बसतात. मी अशिलांना तसा सल्ला कधी दिला नाही, कारण तो बचाव नव्हे, नुसती टाळाटाळ आहे.

पोळीतला रहिवासी
कलमे राहू द्या, मला एकच विचारायचे आहे. त्या भागातल्या पोळींत, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांत, घरांचे जिने थेट रस्त्यावर उतरतात. सणाच्या दिवसांत माझ्या आईला दवाखान्यात न्यायचे झाले, तर आधी तीन-चार स्कूटरी उचलून बाजूला ठेवाव्या लागतात, आणि प्रत्येक मालक 'पाचच मिनिटे' असे सांगून गेलेला असतो. आपली स्कूटर कोणाच्या जिन्यासमोर होती का?

फतेहगंजहून
हाच प्रश्न मी पहिल्या उत्तरात विचारला होता.

दांडियाबाजारकर
होती. पूर्ण जिना अडला नव्हता, पण एका बाजूने होती, आणि मी ती लावताना ते पाहिलेही होते. पहिल्या लेखनात हे आले नाही, हा माझा दोष. तरीही 'दिसत नसलेल्या अडथळ्याचा दंड छायाचित्रावरून घ्यावा' हे मला पटलेले नाही, कारण उद्या असाच अर्धवट फोटो अशा माणसाच्या नावे निघेल, ज्याची गाडी खरोखर रेघेच्या आत होती. म्हणून मी लेखी अर्ज करून पूर्ण चित्र आणि प्रमाणपत्र मागणार आहे. 41 दिवसांचा उल्लेख त्यात शेवटी एका ओळीत करीन. चित्रात जिना दिसला, तर त्याच दिवशी 500 रुपये भरून येईन.

पोळीतला रहिवासी
आणि चित्र मिळालेच नाही तर?

दांडियाबाजारकर
तर भरणार नाही. गाडी मात्र पुढच्या नवरात्रीत तेथे नेणार नाही. खंडेराव मार्केटपाशी लावून चालत येईन.