फक्त तिसरा गिअर टाकताना खरखर: क्लच की गिअरबॉक्स?

घाटवाट: माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो आणि दांडा हातात थरथरतो, बाकीचे गिअर मात्र निमूट पडतात. गॅरेजमध्ये थेट क्लच प्लेट बदलायला सांगितली आहे. ते योग्य आहे का?

पाना-पक्कड: घाई करू नये. क्लच पूर्ण सुटत नसता, तर त्रास सहसा एकाच गिअरपुरता राहिला नसता. खात्रीसाठी सपाट जागी इंजिन चालू ठेवून क्लच तळापर्यंत दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे क्लच ओढत असेल, म्हणजे दाबूनही पूर्ण सुटत नसेल, तर तिथे गिअर लगेच करकरतो.

चक्रधर: सहमत आहे. तिसऱ्यात जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर क्लच सोडून तो पुन्हा दाबून पाहावा. एवढ्याने आवाज गेला, तर तिसऱ्याची सिंक्रो रिंग (सिंक्रोनायझरमधली पितळी कडी) झिजल्याचा संशय बळावतो. मात्र गिअरची पेटी उघडण्यापूर्वी तिच्यातले तेल तपासावे, कारण जीएल-४ प्रतीचे गिअर तेल सांगितलेल्या पेटीत कोणी जीएल-५ प्रतीचे भरले असेल, तर रिंगची पकड कमी होऊ शकते आणि काही जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळालाही मानवत नाहीत. काढलेल्या तेलात सोनेरी चमक दिसली, तर ते बहुधा रिंगचेच पितळ.

घाटवाट: रिव्हर्स बिनआवाज पडला. प्लेटचे काम तूर्त थांबवून आधी तेल काढायला सांगतो.