ओढ्यातून वाहून जाणारा गाळ मोजताना आकडा इतका कमी का येतो?

ओढा_खटाव
येरळेला मिळणाऱ्या ओढ्यावर मोजणी चालू आहे, पाणलोट साधारण १८ चौ. किमी. बांधबंदिस्तीच्या आधी आणि नंतर किती माती जाते ते बघायचंय. दर सोमवारी फरशी पुलावरून एक लिटर पाणी घेतो. गाळ येतो लिटरला ४०-६० मिग्रॅ. शेतात तर घळी पडल्यात. कुठं चुकतंय?

पट्टीवाला
सोमवारी तुम्ही निवळलेलं पाणी मोजताय. खटाव-माणच्या ओढ्यांत वर्षाचा बहुतेक गाळ वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या मोजक्या तासांत निघून जातो. हिशोब बघा: टन प्रति तास = प्रवाह (घनमीटर/सेकंद) × गाळ (मिग्रॅ/लि) × ०.००३६. प्रवाह ०.०५ आणि गाळ ५० असेल तर तासाला ९ किलो. पुरात प्रवाह ६ आणि गाळ ४००० झाला की तासाला ८६ टन!

त्यातही पाणी चढताना गाळ जास्त असतो, पूर शिगेला जायच्या आधीच तो बऱ्याचदा उतरायला लागतो. म्हणून चढत्या पाण्यात दर १५ मिनिटांनी नमुना घ्या, उतरत्यात तासाला एक पुरे.

रात्रीच्या पुरासाठी अँगलला १५-१५ सेंमीवर बाटल्या बांधा. बुचातून दोन नळ्या: पाणी घेणारी उलट्या यू आकाराची, हवा सोडणारी तिच्यापेक्षा बरीच उंच. पाणी यूच्या माथ्यावर चढलं की बाटली भरते. दोन्ही तोंडं जवळ ठेवलीत तर भरल्यावरही पाणी आतबाहेर फिरतं आणि गाळ उगाच साठतो. या बाटल्या फक्त चढतं पाणी पकडतात, भरड वाळू त्यांत कमीच येते.

कृष्णाकाठ_सांगली
प्रवाह कसा काढताय? पाण्याची पातळी मोजायची पट्टी के.टी. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या फुगवट्यात असेल तर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर पातळी चढते, प्रवाह तेवढाच राहतो. येरळा भरून आली की ओढ्याच्या तोंडाशीही तेच होतं. पट्टी वर, सरळ पात्रात न्या.

पाण्याचा वेग पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर घ्या; खोली पाऊण मीटरच्या वर असेल तर ०.२ आणि ०.८ वर घेऊन सरासरी काढा. पुरात पाण्यात उतरू नका. नारळ सोडा, २० मीटरला किती सेकंद लागतात ते बघा आणि वेगाला ०.८५ ने गुणा. मोठ्या पुरानंतर पात्राचा आडवा छेद परत घ्यायचा, तळ खरवडला की पातळीवरून प्रवाह काढायचा जुना आलेख गेला.

गाळणी
प्रयोगशाळेतली एक गोष्ट: बाटली हलवून १०० मिली ओतून घेऊ नका, वाळू तळाशीच राहते. अख्खी बाटली वापरा. काळ्या रानाचा चिकण गाळ काचतंतूचा फिल्टर लगेच तुंबवतो. असा नमुना निवळू द्या (चिकणमातीला दिवस लागतात, घाई नको), वरचं पाणी नळीनं काढा, उरलेलं १०५ अंशांना वाळवून वजन करा. त्यातून विरघळलेल्या क्षारांचं वजन वजा करायला विसरू नका.

ओढा_खटाव
वरच्या अंगाला दोन सिमेंट बंधारे आहेत. त्यांत अडकलेल्या गाळाचं काय?

पट्टीवाला
तो पुलावर दिसणारच नाही, वेगळा धरावा लागतो. उन्हाळ्यात बंधारा कोरडा पडला की ठिकठिकाणी खड्डे घेऊन यंदाच्या थराची जाडी मोजा. २००० चौ. मी. वर सरासरी १५ सेंमी आणि कोरडी घनता १.२ (टन/घनमीटर) आली तर ३६० टन झाले. घनता तिथलाच गाळ नळकांड्यात घेऊन, वाळवून काढा. गाळ कोणी शेतात नेला असेल तर ट्रॉल्यांची नोंद आत्तापासूनच ठेवा.